आमच्या पिकअपला शिंग फुटले!

हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. पण हौसेला जागा मात्र लागते! कुणी गच्चीवर गुलाब फुलवतो, कुणी माळ्यावर जाऊन पेटी वाजवतो. आमच्या हौसेला जागा मिळाली ती धंद्याच्या पिकअप गाडीत. जळालेल्या विजेच्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचा आमचा पुण्यात लहानसा कारखाना आहे. शेतावरचे बिघडलेले पंप आणायचे आणि दुरुस्त करून पोचवायचे, एवढेच त्या बिचाऱ्या गाडीचे काम. अशा या कष्टाळू गाडीच्या पाठीवर एके दिवशी माणसाहून उंच काठी उभी राहिली आणि आमच्या सोसायटीत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणाले, निवडणुकीचा झेंडा लावायचा असेल. कुणी म्हणाले, मासे गळाला लावायला जात असतील. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर सरळच विचारले, "काय हो, पोलिसांत भरती झालात की काय?"

या साऱ्यांना जे तुटक उत्तर दिले, तेच आज दिवाळीच्या निमित्ताने जरा सविस्तर सांगतो. आमच्या गाडीत आता बिनतारी संच आहे. नुसता गाणी आणि बातम्या ऐकण्याचा नव्हे, बोलण्याचासुद्धा!

हॅम म्हणजे कोण?

या छंदाला जगभर 'हॅम रेडिओ' म्हणतात आणि तो करणाऱ्याला 'हॅम'. सरकारी परीक्षा द्यायची, दूरसंचार खात्याचा परवाना घ्यायचा, की आपल्याला एक बोधसंज्ञा मिळते. भारतात ती बहुधा 'व्हीयू'ने सुरू होते. ही संज्ञा म्हणजे आपले आकाशातले नाव. आपल्या देशात वयाची बारा वर्षे पुरी झाली की ही परीक्षा देता येते. परवान्यावाचून मात्र माइकची कळ दाबायची नाही. तो गुन्हा आहे. व्यापार, प्रचार आणि गाणे-बजावणे यांना इथे मज्जाव. बोलायचे ते यंत्रांबद्दल, हवेबद्दल, एकमेकांच्या ख्यालीखुशालीबद्दल.

हा काही चार विक्षिप्त माणसांचा खेळ नव्हे. राजीव गांधी हॅम होते. 'व्हीयू२आरजी' ही त्यांची संज्ञा. आणि जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा तिथून ते हॅम रेडिओवरूनच भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले.

यावर हमखास येणारा प्रश्न असा : "अहो, पण खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण मोबाइल बिनतारी असतो तो जवळच्या टॉवरपर्यंतच. तिथून पुढे त्याला वीज लागते, जमिनीतल्या तारा लागतात, दूर कुठेतरी बसलेली यंत्रे लागतात. टॉवरची वीज गेली, बॅटऱ्या उतरल्या किंवा रस्त्याबरोबर तारही वाहून गेली, की हातातला महागडा फोन म्हणजे नुसते घड्याळ. हॅमच्या संचाला मधला कोणी लागत नाही. इकडे एक संच, तिकडे एक संच आणि दोन बॅटऱ्या, एवढ्यावर भागते.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम बाई आपल्या सोबत्यांसह अंदमानात गेल्या होत्या, त्या हौसेखातर. तिथून जगभरच्या हॅमशी बोलायला. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. बेटांवरचे दूरध्वनी मुके झाले आणि हौसेचा तो संच पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीवर निरोप पोचवण्याचे साधन झाला.

तीस तासांची मुकी ओळ

आमच्या घरी हे सारे वाचलेले होते. पण वाचणे वेगळे आणि भोगणे वेगळे. माझी धाकटी बहीण चिपळूणला दिली आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. पहाटे बहिणीचा फोन आला, "दादा, अंगणात पाणी आलंय, आम्ही वरच्या मजल्यावर जातोय." बस्स. त्यानंतर तिचा फोन लागेना, मेहुण्यांचा लागेना, शेजाऱ्यांचा लागेना. दूरदर्शनवर छपरांपर्यंत चढलेले पाणी दिसत होते. तिची गल्ली काही दिसत नव्हती.

आमच्या घरी तेव्हाही हॅमचा संच होता, गच्चीवर लांबलचक तार होती. मी रात्रभर कानाला लावून बसलो. कितीतरी आवाज आले, पण चिपळुणात माझ्या ओळखीचा एकही हॅम नव्हता. आईने देवापाशी दिवा लावला आणि ती जेवली नाही. तब्बल तीस तासांनी एका ट्रकवाल्याच्या फोनवरून बहिणीचा आवाज आला. सारी माणसे सुखरूप होती. घर मात्र चिखलाने भरले होते.

त्या दिवसापासून मनाने घेतले, की घरात खिळून बसलेल्या संचाचा काय उपयोग? संच चालता हवा. पंप घेऊन आमची पिकअप तशीही पाटण, कोयनानगरपर्यंत जाते. पुढे कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. तिच्यातच संच बसवायचा!

धड एकीकडे, तोंड दुसरीकडे

आमच्या हौशी मंडळींत एक वयोवृद्ध काका आहेत, तारखात्यातून निवृत्त झालेले. २०१३ साली तार बंद झाली, पण काकांची बोटे अजून टेबलावर कट्-कड करतात. मी बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, "संच बसवायला वीस मिनिटे लागतील. गाडी बसवायला दोन महिने!" या वाक्याचा अर्थ मला पुढे कळत गेला.

आधी त्यांनी परवान्याच्या अटी पुन्हा वाचायला लावल्या. संच घरातून गाडीत नेताना त्या पाहणे आलेच. मग संच आला. किंमत एका चांगल्या स्कूटरइतकी, त्यामुळे घरात दोन दिवस थोडे ढगाळ हवामान होते. आजकालच्या संचाची एक सोय अशी, की त्याचे तोंड आणि धड वेगळे करता येते. आकड्यांची पाटी म्हणजे तोंड. ते चालकाच्या डाव्या हाताला, एअरबॅगच्या वाटेत येणार नाही अशा बेताने लावले. धड गेले सीटखाली. पण तिथे हवा खेळती हवी, कारण बोलताना संच चांगलाच तापतो. सीटखाली वर्षानुवर्षे साठलेली पोती, स्पॅनर आणि एक हरवलेली चप्पल निघाली, हा आनुषंगिक लाभ.

विजेचा हिशेब

आमच्या गाडीचा वायरमन मोठा उत्साही. तो म्हणाला, "साहेब, सिगारेट लायटरच्या भोकातून कनेक्शन देतो, पाच मिनिटांचं काम." काकांनी त्याचा हात धरला. शंभर वॉटचा संच बोलताना सुमारे वीस अँपिअर विद्युत्प्रवाह ओढतो. लायटरच्या भोकाचा फ्यूज असतो दहा-पंधरा अँपिअरचा आणि त्यामागची तार तर करंगळीच्या नखाएवढीही जाड नसते.

म्हणून संचाची तार थेट बॅटरीपासून न्यायची. पण तीही कोणती? शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे कामाला येतो. बॅटरीपासून सीटपर्यंत वळणावळणाने पाच मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तार. घरातल्या दिव्याला वापरतो तशी दीड चौरस मिलिमीटरची तार घातली, तर वीस अँपिअरला वाटेतच सव्वादोन व्होल्टहून अधिक गळती होते. इंजिन बंद असताना बॅटरी देते साडेबारा व्होल्ट. संचापर्यंत पोचतील जेमतेम दहा. संच तिथेच मान टाकणार! सहा चौरस मिलिमीटरची तार घातली, की गळती पाऊण व्होल्टच्या आत येते. आम्ही तीच घातली.

फ्यूज बसवायचा तो संचाजवळ नव्हे, बॅटरीजवळ. कारण पत्र्याला घासून तार सोलली, तर आग लागते ती बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्यात. तो तुकडा जितका आखूड, तितके भय कमी. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून तार जाते तिथे रबरी कडे बसवले. तारेच्या टोकांना तांब्याचे थिंबल दाबून लावले. नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारे छोटे यंत्र असते. तशा गाडीत ऋण तार बॅटरीला न लावता सांगाड्याला लावायची, नाहीतर त्या यंत्राचा हिशेब चुकतो.

एका गाडीत तीन गाड्या

पिकअप दिसते एक, पण विजेच्या दृष्टीने ती तीन गाड्यांची मोळी आहे, हे मला प्रथमच कळले. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर रबरी गट्ट्यांवर बसवलेली केबिन आणि मागे वेगळा बसवलेला हौदा. धक्के बसू नयेत म्हणून घातलेले रबर विजेलाही अडवते. मधले बोल्ट असतात रंगाने माखलेले, नाहीतर गंजलेले.

हे महत्त्वाचे का? कारण काठी ही एरियलचा निम्मा भाग. उरलेला निम्मा म्हणजे गाडीचा पत्रा. गच्चीवरच्या एरियलला जमिनीचा आधार मिळतो. गाडी रबरी चाकांवर उभी असल्याने तिला आपल्याच अंगाचा आधार घ्यावा लागतो. तेच अंग तुकड्यातुकड्यांचे असेल तर आधार कसला?

मग एका रविवारी आम्ही तांब्याच्या विणलेल्या चपट्या पट्ट्या घेऊन गाडीखाली शिरलो. केबिन सांगाड्याला जोडली, हौदा सांगाड्याला जोडला, बॉनेट केबिनला आणि सायलेन्सरची नळीसुद्धा सांगाड्याला. प्रत्येक ठिकाणी रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, बोल्ट आवळायचा आणि वर व्हॅसलीन चोपडायचे, म्हणजे पावसात गंज धरत नाही. संध्याकाळी मी बाहेर आलो तेव्हा सौ. म्हणाली, "गाडी स्वच्छ झाली का?" मी म्हटले, "जोडली गेली." ती म्हणाली, "मग आता स्वतःला धुवा!"

काठीची गोष्ट

रेडिओची लहर जेवढी लांब, तेवढे एरियल लांब. साधा हिशेब म्हणजे लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी सुमारे दोन मीटर लांब असतात, म्हणून त्यांना अर्ध्या मीटरची काठी पुरते. ती टपाच्या मधोमध असावी, म्हणजे चहूबाजूंना पत्रा सारखा मिळतो. तिथे भोक पाडणे उत्तम. पण "पावसात टप गळला तर?" असा घरातून हुकूमवजा प्रश्न आल्याने लोहचुंबकाच्या बैठकीवर समाधान मानले. या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की संपले. डोंगरमाथ्यावर हॅम मंडळींनी रिपीटर बसवलेला असेल, तर तो आपले बोलणे झेलून पुढे फेकतो.

घाटाच्या पलीकडे बोलायचे तर दुसऱ्या लहरी हव्यात : ७ मेगाहर्ट्झच्या. त्या वर जातात, आकाशातल्या विद्युत्भारित थरावर आपटतात आणि खाली येतात. सह्याद्री मग कितीही उंच असो! पण या लहरींची लांबी चाळीस मीटरहून अधिक. तिचा चौथा हिस्सा म्हणजे दहा मीटरची काठी. ती गाडीवर उभी केली तर पुलाखालून जायचे कसे?

यावर तोड म्हणजे वेटोळे. काठी अडीच मीटरची ठेवायची आणि उरलेल्या लांबीची भरपाई तांब्याच्या वेटोळ्याने करायची. तांब्याची तार गुंडाळणे हा तर आमचा पोटाचा धंदा! जाड तार घेऊन, पायपिंपाच्या रुंद नळीवर, वेढ्यांमध्ये अंतर ठेवून मी ते वेटोळे स्वतः बनवले. अशा आखूड काठीत बरीच शक्ती उष्णता होऊन वाया जाते. जाड तार आणि रुंद वेटोळे यांनी ती हानी कमी होते, नाहीशी होत नाही. काठी बसवली हौद्याच्या उजव्या कडेला, कारण डाव्या बाजूला रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या.

मग वेटोळ्याचा एकेक वेढा कमीजास्त करत मापकावर पाहायचे, की पाठवलेल्यापैकी किती शक्ती परत येते. मापकाने तीन दाखवले तर चतुर्थांश शक्ती परत आली असे समजावे. दोन दाखवले तर सुमारे अकरा टक्के. दीड दाखवले तर अवघी चार. आम्ही दीडवर थांबलो आणि चहा प्यायलो.

कोण बरे गुणगुणतो?

आता ऐकू येईल अशा आनंदात किल्ली फिरवली, तर संचात भुंग्यांचे मोहोळ उठले! डिझेल इंजिनाला ठिणगीचे प्लग नसतात, म्हणून पेट्रोल गाडीची ती कटकट इथे नसते. पण इतर गुन्हेगार पुष्कळ. त्यांना पकडण्याची रीत अशी : आधी सगळे बंद ठेवून नुसता संच ऐकायचा. मग किल्ली अर्धी फिरवायची, मग इंजिन सुरू करायचे, मग एकेक फ्यूज काढून पाहायचा. वेग वाढवला की आवाज चढत जातो, तो अल्टर्नेटरचा. संच थेट बॅटरीवर असल्याने आणि गाडीचे अंग जोडून घेतल्याने तो फारसा उरला नव्हता. खरा चोर निघाला लायटरच्या भोकात खोचलेला, रस्त्यावर घेतलेला फोनचा स्वस्त चार्जर. तो उपटला आणि आकाश एकदम स्वच्छ झाले. राहिलेली कुरकुर तारांवर फेराइटची कडी चढवून घालवली.

घाटमाथ्यावरून

गेल्या उन्हाळ्यात कोयनानगरला पंप पोचवून मी गाडी तशीच पुढे कुंभार्लीच्या माथ्याकडे नेली. मुद्दाम अशी जागा शोधली, की मोबाइलला एक रेघही नसावी. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले. चालत्या गाडीत मी माइक उचलत नाही. घाटात दोन्ही हात चाकावर हवेत. मग काकांनी शिकवलेली युक्ती केली. उभी काठी आपल्या नेमक्या डोक्यावरच्या आकाशात फारसे काही पाठवत नाही. लहर दूर जाते, शंभर-दीडशे किलोमीटरवरचे घर मात्र उपाशी राहते. म्हणून काठी मागे वाकवून दोरीने आडवी बांधली, मापकावर पुन्हा जुळवून घेतली आणि कळ दाबली. बोधसंज्ञा, पुढे 'मोबाइल' हा शब्द, आणि वाट पाहणे.

घरच्या संचावर आमची कन्या होती. तिने गेल्या वर्षीच परवाना मिळवला आहे. खरखरीतून तिचा आवाज आला, "बाबा, पाच-सात! अगदी स्पष्ट!" पाच म्हणजे शब्द न् शब्द कळतो, सात म्हणजे आवाजाचा जोर बरा. मधे सारा घाट, कोयनेचे खोरे, साताऱ्याचे डोंगर. आणि आमच्याकडे एक बॅटरी!

नियमाप्रमाणे आजीच्या हाती माइक देता येत नाही. पण ती शेजारीच बसली होती. कन्या म्हणाली, "आजी विचारते आहे, जेवलात का?"

रात्री घरी आलो तेव्हा आई जागी होती. म्हणाली, "त्या रात्री हे यंत्र गाडीत असतं तर रे?" काका त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होते. त्यांनी तिला खोटा दिलासा दिला नाही. ते म्हणाले, "वहिनी, अशा पावसात घाट बंद झाला, तर गाडी इकडेच अडकणार. चिपळुणात ऐकायला कोण होतं? बिनतारीला तार लागत नाही, पण पलीकडे माणूस लागतोच."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने चिपळूणला फोन लावला आणि नातीला, म्हणजे माझ्या भाचीला, सांगितले, "तू ती मामाची परीक्षा दे."

पलीकडचे माणूस

भाची चौदा वर्षांची आहे. मामाच्या सांगण्याला तिने दोन वर्षे दाद दिली नव्हती. आजीच्या एका फोनवर पुस्तके मागवली. आता त्यांच्या वरच्या मजल्यावर, पाण्याच्या जुन्या खुणेच्या बऱ्याच वर, ऐकण्यापुरता एक संच ठेवला आहे. मेहुण्यांनी परसातल्या आंब्यापासून चिकूपर्यंत तार ताणून दिली. परवाना येईपर्यंत ती फक्त ऐकते. रविवारी सकाळी आम्ही इकडे बोलतो आणि ती नंतर फोन करून सांगते, कोणाचा आवाज किती आला. एकदा म्हणाली, "मामा, तुमच्यापेक्षा काकाआजोबांचा आवाज चांगला येतो!" काकांनी त्या दिवशी दोन पेढे जास्त खाल्ले.

वाचकहो, तुमच्याकडे पिकअप असलीच पाहिजे असे नाही. आमच्या मंडळींत कुणी मारुतीत संच बसवला आहे, तर कुणी स्कूटरच्या डिकीत हातसंच ठेवतो. पण तुमचेही कुणी ना कुणी नदीकाठी, घाटाखाली किंवा समुद्राकाठी राहत असेल. दिवाळीची सुट्टी आहे, मुले घरात आहेत, भाऊबीजेला बहिणी येतील. फराळाच्या ताटाभोवती एवढेच ठरवा, की इकडे परीक्षा कोण देणार आणि तिकडे कोण. तार आणि बॅटरी बाजारात केव्हाही मिळते. ती कानाला लावून बसणारे माणूस मात्र पावसाळ्याच्या आधीच तयार असावे लागते.